दिसायला एक, पुराव्यानिशी चार? पेंग्विनच्या प्रजाती कशा ठरतात

२०२० साली इंग्लंडमधील बाथ विद्यापीठातील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह असा प्रस्ताव मांडला की, ज्या पक्ष्याला आपण आजवर जेंटू पेंग्विन या एकाच नावाने ओळखत आलो, त्यात प्रत्यक्षात चार प्रजाती दडलेल्या आहेत. एक दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांवरची, दुसरी त्याच महासागरातल्या दक्षिण जॉर्जिया या बेटावरची, तिसरी अंटार्क्टिक द्वीपकल्प आणि त्यालगतच्या दक्षिण शेटलँड बेटांवरची, तर चौथी हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला असलेल्या केर्गेलन बेटांवरची. ती बातमी वाचल्यावर मी या चारही ठिकाणच्या जेंटूंची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली. तीच नारिंगी-लालसर चोच, तीच काळी पाठ, आणि एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत डोक्यावरून गेलेला तोच पांढरा पट्टा. ठिकाणाचे नाव झाकले तर मला यांतला एकही पक्षी दुसऱ्यापासून वेगळा काढता आला नसता, आणि मुरलेल्या पक्षिनिरीक्षकांपैकीही फारच थोड्यांना तो काढता येईल असे मला वाटते.

मग हे चार आहेत असे म्हणण्याला आधार काय, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. वर्तमानपत्री बातम्यांत याचे उत्तर एका शब्दात संपते, ते म्हणजे डीएनए. हे उत्तर खोटे नाही, पण ते इतके अपुरे आहे की त्यामुळे या शास्त्राची खरी पद्धत लोकांपर्यंत पोहोचतच नाही. प्रजात ठरवताना शरीर, आवाज, जनुके आणि भूगोल या चारही बाजूंनी आलेला पुरावा पडताळावा लागतो, हे पुरावे पुष्कळदा एकमेकांच्या विरोधात जातात, आणि अशा वेळी कोणत्या पुराव्याला किती वजन द्यायचे हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. पेंग्विनांमध्ये या विरोधाची उदाहरणे इतकी ठळक आहेत की हा विषय समजून घेण्यासाठी यांच्याइतका चांगला पक्षिगट क्वचितच सापडेल.

पेंग्विन एकमेकांसारखे दिसतात याचे पहिले कारण समुद्र हेच आहे. वरून पाहणाऱ्याला काळी पाठ खोल पाण्याच्या अंधारात मिसळून गेलेली दिसते, आणि खालून पाहणाऱ्याला पांढरे पोट पृष्ठभागावरच्या उजेडात हरवून जाते. शिकार साधायची असो वा सीलसारख्या शिकाऱ्यापासून जीव वाचवायचा असो, हा रंगविन्यास इतका उपयोगी आहे की जवळजवळ सगळ्याच पेंग्विनांनी तो राखला आहे. शरीराच्या आकाराचेही तेच, कारण पाणी कापत वेगाने जायचे तर आकारात फारशी मोकळीक उरत नाही. त्यामुळे पाठ आणि पोट पाहून प्रजात ओळखण्याचा प्रयत्न बहुधा व्यर्थ ठरतो. खुणा असतात त्या डोक्यावर, गळ्यावर आणि छातीच्या वरच्या भागात. तुरा, भुवईसारखी रेघ, कानामागचा पिवळा डाग, हनुवटीखालची काळी दोरी या सगळ्या खुणा पाण्यावर तरंगणाऱ्या पक्ष्याच्या बाहेर राहणाऱ्या भागात आहेत. त्या मुख्यतः स्वजातीच्या पक्ष्यांसाठी, त्यातही जोडीदारासाठी असतात, आणि म्हणूनच वर्गीकरण करणाऱ्यांना त्यांचे मोल अधिक वाटते.

तरीही या खुणाही डोळे मिटून वापरता येत नाहीत. याचे एक उदाहरण मुंबईकरांच्या घराजवळच आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली दक्षिण कोरियातून आणलेले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे आहेत, म्हणजे मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. काचेपाशी उभे राहून नीट पाहिले तर प्रौढ पक्ष्याच्या छातीवरून नालेच्या आकाराचा एकच काळा पट्टा गेलेला दिसतो, आणि चोचीच्या मुळाशी पिसे नसलेली गुलाबी कातडी उठून दिसते. याचा जवळचा नातेवाईक असलेल्या मॅजेलॅनिक पेंग्विनच्या छातीवर असे दोन पट्टे असतात. इथपर्यंत सोपे आहे. पण आणखी थोडा वेळ पाहिल्यावर पोटावरचे काळे ठिपके प्रत्येक पक्ष्यात वेगळे आहेत हे लक्षात येते, आणि पिल्लावस्थेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पक्ष्याला तर तो पट्टाच नसतो, तिथे नुसता राखाडी रंग असतो. म्हणजे एकाच जातीत व्यक्तीगणिक बदलणाऱ्या खुणा असतात, वयानुसार बदलणाऱ्या असतात, आणि जातीच्या ओळखीच्या म्हणून टिकून राहणाऱ्याही असतात. यांतली कोणती खूण कोणत्या गटातली हे एकदोन पक्षी पाहून कळत नाही. त्यासाठी निरनिराळ्या वयांचे, दोन्ही लिंगांचे आणि अनेक ठिकाणचे पक्षी पाहावे लागतात.

शाळेत आपण शिकलो ती कसोटी वेगळी होती. आपापसांत वीण करून प्रजननक्षम संतती निर्माण करणाऱ्या आणि इतरांपासून प्रजननदृष्ट्या अलग राहणाऱ्या जीवांचा गट म्हणजे प्रजात, ही अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली रूढ केलेली व्याख्या. ती सुटसुटीत आहे, पण पेंग्विनांपुढे दोन्ही बाजूंनी अडखळते. चिलीच्या दक्षिणेला चिलोए बेटालगतच्या पुन्यिविल या छोट्या बेटांवर हम्बोल्ट आणि मॅजेलॅनिक हे दोन्ही पेंग्विन शेजारी शेजारी घरटी करतात, क्वचित त्यांच्या मिश्र जोड्या जमतात, आणि त्यांचे संकरही तिथे आढळले आहेत. तरी कोणीही या दोन जाती एक करा असे म्हणत नाही, कारण संकर मोजके आहेत आणि दोन्ही गट आपापली ओळख टिकवून आहेत. उलट बाजूने पाहावे तर फॉकलंडचा जेंटू आणि केर्गेलनचा जेंटू एकमेकांना कधी भेटतच नाहीत. मध्ये हजारो किलोमीटरचा समुद्र आहे. भेटले असते तर त्यांनी जोडी जमवली असती की नाही, हे निसर्गात तपासण्याची संधीच मिळत नाही. बेटांवर राहणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत ही अडचण कायमची आहे, आणि पेंग्विनांच्या बहुतेक वसाहती बेटांवरच आहेत.

जुन्या निसर्ग अभ्यासकांजवळ तर आवाज किंवा जनुके तपासण्याचे कोणतेच साधन नव्हते. त्यांच्या हाती जहाजातून आलेली वाळकी कातडी यायची, तीही एखाददुसरी. वाळताना कातडी आक्रसते, चोचीचा आणि पायांचा रंग उडतो, आणि नमुना नेमका कुठे मिळाला याची नोंद अनेकदा ऐकीव असते. जेंटूला पापुआ हे शास्त्रीय नाव योहान राइनहोल्ड फॉर्स्टर यांनी १७८१ साली दिले, ते हा पक्षी न्यू गिनीत सापडतो अशा चुकीच्या माहितीवरून. न्यू गिनीत एकही पेंग्विन नाही. तरी नामकरणाच्या नियमांनुसार पहिल्या नावाला प्राधान्य असल्याने ते आजही कायम आहे. एम्परर आणि किंग हे दोन सर्वांत मोठे पेंग्विनही बराच काळ एकमेकांत मिसळले गेले होते. किंगचे शास्त्रीय वर्णन १७७८ साली झाले, पण एम्परर ही स्वतंत्र जात असल्याचे जॉर्ज रॉबर्ट ग्रे यांनी १८४४ साली नाव देऊन स्पष्ट केले. आज ज्यांच्यात गल्लत होणे अशक्य वाटते त्या पक्ष्यांबाबत ही स्थिती होती.

पुढे संग्रहालयांत नमुन्यांची संख्या वाढली तशी मापे घेण्याची शिस्त आली. चोचीची लांबी आणि जाडी, वल्ह्यासारख्या पंखाची लांबी, पायाच्या हाडाची लांबी, ही मापे ठरावीक पद्धतीने घेऊन वेगवेगळ्या ठिकाणच्या पक्ष्यांची तुलना केली जाऊ लागली. याच पद्धतीने रॉबर्ट कुशमन मर्फी यांनी १९४७ साली अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडच्या जेंटूंना एल्सवर्थी या नावाने वेगळी उपप्रजात ठरवले. दक्षिणेकडचे हे पक्षी आकाराने लहान आणि चोचीने आखूड होते. तेव्हापासून साधारण ६० अंश दक्षिण अक्षांशाच्या उत्तरेकडचे ते एक आणि दक्षिणेकडचे ते दुसरे, अशी दोन उपप्रजातींची वाटणी अनेक दशके पुस्तकांत छापली गेली. नकाशावर ही रेघ नीटनेटकी दिसते. पण पेंग्विनच्या दृष्टीने अक्षांशाला अर्थ नसतो, त्याला अर्थ असतो पाण्याच्या तापमानाला आणि प्रवाहाला. ही गोष्ट लक्षात घ्यायला बराच काळ जावा लागला.

मापांची मर्यादाही इथेच सांगितली पाहिजे. पक्ष्याचा आकार जनुकांवर अवलंबून असतो तसा तो वाढीच्या काळात मिळालेल्या अन्नावरही अवलंबून असतो. त्यामुळे दोन बेटांवरच्या पक्ष्यांच्या चोचीत सरासरी काही मिलिमीटरचा फरक निघाला, तर तो वंशपरंपरेने आलेला आहे की त्या बेटाभोवतीच्या समुद्रात क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे छोटे जीव, अधिक मिळतात म्हणून आलेला आहे, हे केवळ कॅलिपर हातात धरून सांगता येत नाही. शिवाय दोन गटांच्या मापांच्या कक्षा एकमेकींवर चढलेल्या असतात. फॉकलंडचा एखादा लहान पक्षी आणि द्वीपकल्पावरचा एखादा मोठा पक्षी अगदी एका मापाचे निघू शकतात. २०२० च्या अभ्यासात संग्रहालयांतील नमुन्यांच्या मापांवरून चारही गटांच्या हाडांच्या लांबीत आणि चोचीच्या आकारात फरक दिसला, पण तो संख्याशास्त्रीय फरक होता, म्हणजे गटांच्या पातळीवर खरा, पण समोर उभ्या असलेल्या एका पक्ष्याचे नाव सांगायला बहुधा अपुरा. माझ्या मते या पुराव्याचे वजन त्यामुळे शून्य होत नाही. तो एकटा उभा राहू शकत नाही इतकेच.

आता जनुकांकडे वळू. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांना निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशींना केंद्रक नसते, पण पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना ते असते, आणि त्यामुळे पंखाच्या किंवा पायाच्या शिरेतून काढलेल्या थोड्याशा रक्तातूनही भरपूर डीएनए मिळतो. नमुना काही क्षणांत घेता येतो आणि पक्षी लगेच आपल्या घरट्याकडे परततो. सुरुवातीच्या अभ्यासांत मुख्यतः मायटोकॉन्ड्रियातील डीएनए वाचला जाई, कारण तो आकाराने लहान, प्रत्येक पेशीत मुबलक आणि वाचायला सोपा असतो. मात्र तो केवळ आईकडून पिल्लांकडे जातो. म्हणजे त्यातून कळतो तो फक्त माद्यांच्या परंपरेचा इतिहास, आणि एवढ्यावर विसंबले तर फसगत होऊ शकते. अंटार्क्टिकातील अडेली पेंग्विनांत मायटोकॉन्ड्रियाच्या आधारे दोन स्पष्ट वेगळ्या परंपरा दिसतात, पण रॉस समुद्राच्या वसाहतींत या दोन्ही परंपरांचे पक्षी एकत्र राहतात आणि आपापसांत वीण करतात. तिथे दोन जाती आहेत असे म्हणायला काहीच आधार नाही.

म्हणूनच अलीकडच्या अभ्यासांत केंद्रकातील संपूर्ण जनुकसंचभर विखुरलेली हजारो स्थाने तपासली जातात. प्रत्येक स्थानी कोणत्या पक्ष्याकडे डीएनएच्या चार अक्षरांपैकी कोणते अक्षर आहे हे नोंदवले की संगणकाला पक्ष्यांची ठिकाणे न सांगता विचारता येते, यांचे नैसर्गिक गट किती पडतात, आणि कोणा पक्ष्यात दोन गटांची सरमिसळ दिसते का. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. दोन वसाहतींत फरक असणे ही मोठी गोष्ट नाही, दूरच्या कोणत्याही दोन वसाहतींत तो थोडाफार असतोच. महत्त्वाचे हे की, एका बाजूचे पक्षी दुसऱ्या बाजूला जाऊन तिथे पिल्ले वाढवतात की नाही. जेंटूंच्या चार गटांत अशी देवाणघेवाण जवळजवळ आढळली नाही. प्रत्येक गट दीर्घकाळ आपल्यापुरता वाढत आलेला आहे असेच चित्र त्यातून समोर आले.

याचे कारण जेंटूच्या स्वभावात आणि समुद्राच्या रचनेत आहे. अंटार्क्टिकाभोवती थंड पाणी आणि त्यामानाने उबदार पाणी यांची जिथे गाठ पडते, त्या पट्ट्याला ध्रुवीय सीमा म्हणतात. थोड्याच अंतरात तिथे पाण्याचे तापमान बदलते, आणि त्याबरोबर त्यातले जीवही बदलतात. फॉकलंड या सीमेच्या उत्तरेला आहे, दक्षिण जॉर्जिया आणि अंटार्क्टिक द्वीपकल्प तिच्या दक्षिणेला आहेत, आणि केर्गेलन तिच्या अगदी जवळ, पण पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला आहे. त्यात जेंटू हा किनारा न सोडणारा पक्षी. वसाहतीच्या आसपासच्या समुद्रातच तो अन्न शोधतो आणि बऱ्याच ठिकाणी वर्षभर तिथेच राहतो. याच्या उलट किंग पेंग्विन अन्नासाठी खूप दूरवर भटकतो, आणि हजारो किलोमीटर अंतरावरच्या बेटांवरील किंग पेंग्विनांत जनुकीय फरक नाममात्रच सापडतो. एकच महासागर, तीच सीमा, तीच अंतरे, पण एका पक्ष्याचे त्यात तुकडे पडले आणि दुसऱ्याचे पडले नाहीत. इथे भूगोल आणि जीवनशैली हीसुद्धा पुराव्याचाच भाग होतात, कारण जनुकांनी जे दाखवले ते का घडले असावे याचे पटण्याजोगे कारण त्या देतात.

जनुकांवर विश्वास बसू लागल्यावर डोळ्यांच्या साक्षीचे काय करायचे, हा प्रश्न रॉयल आणि मॅकरोनी पेंग्विनांनी उभा केला आहे. दोघांच्याही कपाळापासून मागे जाणारा पिवळा-नारिंगी तुरा असतो. मॅकरोनीचा चेहरा काळा, तर ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांच्या दरम्यानच्या मॅक्वारी बेटावर वीण करणाऱ्या रॉयलचा चेहरा पांढरा. इतका उघड फरक की लहान मूलही हे दोन पक्षी वेगळे काढील. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तुरेवाल्या पेंग्विनांच्या एका विस्तृत जनुकीय अभ्यासात या दोघांच्या परंपरा वेगळ्या काढता आल्या नाहीत. दोन्हींचे धागे एकमेकांत गुंतलेले निघाले. शिवाय मॅक्वारीवर गडद चेहऱ्याचे काही पक्षी आढळतात आणि मॅकरोनींच्या इतर बेटांवर फिकट चेहऱ्याचेही. म्हणजे दिसायला एक असणारे जेंटू जनुकांनी दुरावलेले, आणि दिसायला दोन असणारे हे पक्षी जनुकांनी जवळचे. चेहऱ्याचा रंग थोड्या जनुकांच्या बदलाने झपाट्याने पालटू शकतो, तर उरलेला जनुकसंच आपल्या गतीने हळूहळू बदलत असतो, हे लक्षात घेतले की विसंगती थोडी कमी होते. तरी निर्णय सोपा होत नाही, कारण पांढऱ्या चेहऱ्याचे पक्षी आपल्यासारख्याच चेहऱ्याचा जोडीदार निवडत असतील तर तो फरक पुढे वाढतच जाईल. अनेक याद्यांत रॉयल अजूनही स्वतंत्र प्रजात आहे. मला ती उपप्रजात मानणे अधिक योग्य वाटते.

सगळे पुरावे एका दिशेने गेले तर काय होते, हे पाहायचे असेल तर रॉकहॉपरकडे पाहावे. लाल डोळ्यांचा, भुवयांपासून पिवळ्या पिसांच्या लांब झुपक्यांचा, खडकांवरून दोन्ही पायांनी उड्या मारत चढणारा हा छोटा पेंग्विन बराच काळ एकच प्रजात मानला जाई. ट्रिस्टन द कुन्हा, गॉफ, आम्स्टरडॅम आणि सेंट पॉल या उत्तरेकडच्या, त्यामानाने उबदार पाण्यातील बेटांवरच्या पक्ष्यांचे झुपके अधिक लांब आणि दाट असतात, हे ठाऊक होते, पण ते उपप्रजातीपुरते पुरेसे मानले गेले. २००६ साली फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञ पिएर जुव्हंतँ आणि सहकाऱ्यांनी डीएनए, जोडीदाराला साद घालताना केलेला आवाज, आणि डोक्यावरची सजावट या तिन्ही गोष्टी एकत्र तपासल्या आणि तिन्हींत फरक दाखवून दिला.

इथे आवाजाचे महत्त्व थोडे थांबून सांगायला हवे. हजारो पक्ष्यांच्या वसाहतीत आपला जोडीदार आणि आपले पिल्लू शोधण्यासाठी पेंग्विन मुख्यतः आवाजावर अवलंबून असतात. एम्परर आणि किंग तर स्वरयंत्राच्या दोन्ही शाखांतून एकाच वेळी दोन स्वर काढतात आणि त्यांच्या मिलाफावरून एकमेकांना ओळखतात. ज्या आवाजावर जोडी जमणे अवलंबून आहे तोच बदलला असेल, तर दोन गट उद्या एकत्र आले तरी ते एकमेकांना स्वीकारतीलच असे नाही. भेट न होणाऱ्या पक्ष्यांबाबत मायर यांची कसोटी प्रत्यक्ष वापरता येत नाही, हे वर म्हटले आहे. आवाजाची तुलना ही त्या कसोटीच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट आहे, आणि म्हणून रॉकहॉपरच्या बाबतीतला निष्कर्ष मला फार भक्कम वाटतो. उत्तरेकडचा रॉकहॉपर आता बहुतेक ठिकाणी स्वतंत्र प्रजात म्हणून गणला जातो. दक्षिणेकडच्या पक्ष्यांतही मॅक्वारी, केर्गेलन वगैरे बेटांवरचा पूर्वेकडचा गट वेगळा आहे. त्याच्या चोचीच्या कडेने गुलाबी मांसल किनार असते आणि जनुकांतही तो निराळा दिसतो. त्याला तिसरी प्रजात मानावे असे म्हणणारेही आहेत.

न्यूझीलंडच्या छोट्या निळ्या पेंग्विनाची गोष्ट याहून अनपेक्षित आहे, आणि व्यक्तिशः मला ती या सगळ्यांत सर्वाधिक आवडते. जेमतेम एक किलो वजनाचा हा सर्वांत लहान पेंग्विन ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि न्यूझीलंडमध्ये आढळतो. डीएनए तपासल्यावर असे दिसले की न्यूझीलंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील ओटागोचे पक्षी देशातल्या आपल्या शेजाऱ्यांशी नव्हे, तर टास्मान समुद्रापलीकडच्या ऑस्ट्रेलियन पक्ष्यांशी जुळतात. ते तिथे कधी आले, हा प्रश्न जिवंत पक्ष्यांकडून सुटणे कठीण होते. म्हणून ओटागो विद्यापीठाच्या स्टेफनी ग्रोसर आणि सहकाऱ्यांनी जुन्या वाळूच्या थरांतून आणि माओरी वस्त्यांच्या अवशेषांतून मिळालेल्या हाडांतला प्राचीन डीएनए वाचला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चारशे वर्षांहून जुनी सगळी हाडे न्यूझीलंडच्या मूळ पक्ष्याची निघाली. ऑस्ट्रेलियन पक्षी तिथे पोहोचला तो इसवी सन १५०० ते १९०० च्या दरम्यान, म्हणजे माणसाच्या आगमनानंतर शिकारीमुळे आणि त्याच्याबरोबर आलेल्या प्राण्यांमुळे मूळ पक्ष्यांची संख्या घटल्यानंतर. आज दोन्ही प्रकारचे पक्षी एकाच देशाच्या किनाऱ्यावर आहेत, त्यांच्या हाकांत फरक आहे, आणि दोन प्रजाती मानाव्यात हे म्हणणे त्यामुळे बळकट झाले आहे. नवे नावही शोधावे लागले नाही, कारण ऑस्ट्रेलियन पक्ष्याला १८२६ साली दिलेले नाव कागदोपत्री पडून होतेच.

प्राचीन हाडांच्या पुराव्यालाही अंतिम शब्द मानता येत नाही. न्यूझीलंडच्या पिवळ्या डोळ्यांच्या पेंग्विनाची म्हणून जपलेली काही जुनी हाडे २००९ साली डीएनएच्या आधारे एका नामशेष, थोड्या लहान पेंग्विनाची ठरली आणि त्याला वैताहा हे नाव मिळाले. मुख्य भूमीवरचा हा पक्षी माणसाच्या आगमनानंतर काही शतकांतच संपला, आणि त्याच्या रिकाम्या जागी पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन दक्षिणेकडच्या बेटांवरून आला. पुढे २०१९ साली अधिक व्यापक जनुकीय माहितीवरून वैताहाला स्वतंत्र प्रजातीऐवजी उपप्रजातीचे स्थान देण्यात आले. काहींना याचे वैषम्य वाटते, पण हाडे तीच राहिली, इतिहास तोच राहिला, फक्त तुलनेसाठी हाताशी असलेली माहिती वाढली आणि त्यानुसार दर्जा बदलला. हे शास्त्र असेच चालायला हवे.

आता जेंटूकडे परत. प्रस्तावात फॉकलंडच्या पक्ष्याला जुने पापुआ हे नाव राहते, द्वीपकल्पावरच्या पक्ष्याला मर्फी यांचे एल्सवर्थी, केर्गेलनच्या पक्ष्याला एकोणिसाव्या शतकातले टेनिआटा, आणि दक्षिण जॉर्जियाच्या पक्ष्याला कोणतेच जुने नाव लागू पडत नसल्याने त्या भागात दीर्घकाळ काम केलेल्या सॅली आणि जेरोम पाँसे यांच्यावरून पाँसेटी हे नवे नाव सुचवले आहे. चार गट एकमेकांपासून खरोखरच वेगळे आहेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यांना चार प्रजाती म्हणावे की एका प्रजातीच्या चार उपप्रजाती, यावर मी अजून थांबेन. जेंटू क्रोझे, मॅरियन, हर्ड आणि मॅक्वारी या बेटांवरही आहेत, आणि त्या बेटांवरचे पक्षी या चार गटांत धरलेले नव्हते. केर्गेलन आणि मॅक्वारी यांच्यात पायरीपायरीने बदलत जाणारी साखळी आहे की तिथेही तुटलेले गट आहेत, हे कळल्याशिवाय सीमा कुठे आखायची ते नीट ठरत नाही. रॉकहॉपरसारखा आवाजाचा भक्कम पुरावाही अजून यांच्या बाजूने उभा राहिलेला नाही. बऱ्याच पक्षियाद्यांत जेंटू आजही एकच प्रजात आहे.

हा नुसता नावांचा वाद असता तर मी त्यावर एवढे लिहिले नसते. १६ मार्च २०११ रोजी ब्राझीलहून सोयाबीन घेऊन निघालेले ऑलिव्हा हे मालवाहू जहाज ट्रिस्टन द कुन्हाजवळच्या नाइटिंगेल बेटावर आदळले आणि तेल समुद्रात पसरले. तीन हजारांहून अधिक रॉकहॉपर तेलाने माखलेल्या अवस्थेत पकडून साफ करण्याचा प्रयत्न झाला, पण त्यांतले थोडेच वाचले. दक्षिण गोलार्धभर पसरलेल्या एका रॉकहॉपर प्रजातीच्या हिशेबात ही एक स्थानिक दुर्घटना ठरली असती. पण पाच वर्षांपूर्वीच उत्तरेकडचा रॉकहॉपर वेगळा असल्याचे दाखवून दिलेले होते, आणि त्या प्रजातीचे बहुतांश पक्षी ट्रिस्टन आणि गॉफ परिसरातच राहतात. त्यामुळे तो तडाखा एका संपूर्ण प्रजातीला बसला हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होते. आंतरराष्ट्रीय लाल यादीत हा पक्षी संकटग्रस्त गटात आहे, तर दक्षिणेकडचा रॉकहॉपर त्याहून एक पायरी कमी धोक्याच्या असुरक्षित गटात आहे.

जेंटूची नोंद मात्र त्याच यादीत सर्वांत कमी चिंतेच्या गटात आहे, आणि ती सगळ्या बेटांवरच्या जेंटूंची मिळून एकच नोंद आहे. अंटार्क्टिक द्वीपकल्पावर बर्फ कमी होत असताना जेंटू वाढत आहेत आणि दक्षिणेकडे सरकत आहेत, आणि ही वाढ एकूण आकड्यात भर घालते. केर्गेलनसारख्या ठिकाणी उद्या पक्षी घटू लागले तर ती घट या एकत्रित आकड्यात द्वीपकल्पावरच्या वाढीखाली सहज झाकली जाऊ शकते. म्हणून प्रजात की उपप्रजात याचा निकाल लागेपर्यंतही चारही गटांची गणना आणि मूल्यमापन स्वतंत्रपणे व्हायला हवे असे माझे मत आहे, आणि त्यासाठी लागणारी जनुकीय माहिती आजच हाताशी आहे.